घेण्याचे माप, देण्याचे माप



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव असतो, ज्वारीची खरेदी असते, पीककर्ज, पीकविमा, विजेचा लपंडाव असतो. 'माणुसकी' हा विषय तिथे कधी कोणी लिहीत नाही. लिहिला तर लोक म्हणतील, ही बैठक आहे की हरिनाम सप्ताह? तरीही या अंकात आम्ही तोच विषय घेतला आहे. कारण भाषणाच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते, "शेतकऱ्याला माणूस म्हणून जगू द्या." टाळ्या पडतात, सभा संपते. पण माणूस म्हणून जगू द्या म्हणजे नेमके काय करा, हे कोणी फोड करून सांगत नाही. मागणी मोघम असली की उत्तरही मोघम येते. भावाची मागणी आपण रुपया-पैशात करतो. माणुसकीची मागणीसुद्धा तशीच मोजून करता आली पाहिजे.

गोड बोलणे म्हणजे माणुसकी, असा एक समज आहे. तो आधी बाजूला ठेवू. बाजारातला अडत्या किती गोड बोलतो! "या पाटील, बसा. अरे, पाटलांसाठी चहा सांग." गादीवर बसवतो, पोराच्या शाळेची चौकशी करतो, लग्नाला येतो, अहेरही करतो. आणि पट्टी हातात पडते तेव्हा कळते की चहाची किंमत कडत्यातून कधीच वसूल झाली आहे. उलट गावात एखादा शेजारी असतो, तोंडाचा फाटका. सरळ बोलणे त्याला माहीत नाही. पण रात्री बारा वाजता बाळंतिणीला तालुक्याला न्यायचे असले तर गाडी काढणारा तोच, आणि डिझेलचे पैसे विचारले तर शिवी घालणाराही तोच. या दोघांत माणुसकी कोणाजवळ आहे, हे शाळा न शिकलेल्या म्हातारीलाही सांगता येते. म्हणजे गोष्ट जिभेची नाही. गोष्ट मापाची आहे.

जुनी माणसे सावकाराच्या दोन पायल्यांची गोष्ट सांगत. आषाढात घरातले दाणे संपले की सावकार ज्वारी देई ती एका पायलीने, आणि सुगीला परत घेई ती दुसऱ्या पायलीने. दिसायला दोन्ही सारख्याच. देण्याच्या पायलीचा बूड आतून भरलेला, घेण्याची पायली पोटाला फुगलेली. व्याज वेगळेच. त्या सावकाराने कोणाला शिवी दिली नाही, कोणाला मारले नाही, एकादशी कधी चुकवली नाही. फक्त त्याच्या घरात दोन मापे होती.

आमच्या मते माणुसकीचा सगळा शास्त्रार्थ एवढ्यातच आहे. ज्याच्या घरात घेण्याचे आणि देण्याचे माप एकच आहे, तो माणूस. आणि हे माप पाहायचे असेल तर तो आपल्यापेक्षा मोठ्याशी कसा वागतो हे पाहून उपयोग नाही. तहसीलदारासमोर सगळेच वाकतात. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचे नाही आणि जो आपले काही बिघडवू शकत नाही, त्याच्याशी वागताना कोणती पायली बाहेर निघते, ते पाहायचे.

आपण काय मागत आलो

शेतकऱ्यांनी आजवर जे लढे दिले त्यांतल्या मागण्या नीट पाहा. भाव हा शब्द त्यांत आहेच. पण भावाच्या आधीपासून आणखी काही मागण्या आहेत.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच घडले. हा आपल्यासारखाच कोरडवाहू, ज्वारी-बाजरीचा मुलूख. दंगा म्हटला की मुडदे पडतात. इथे लोकांचा रोख होता तो सावकाराच्या दप्तरावर. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळणे हेच मुख्य काम, माणसांवर मोठी हिंसा झाली नाही. कारण राग कागदावर होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे त्यावर काय लिहिले आहे, हे आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही, हा राग होता. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याने मागितली तर सावकाराने पावती द्यावी आणि हिशेब लिहून द्यावा, अशी कलमे त्यात घालावी लागली. हिशेब दाखव, एवढी साधी गोष्ट. ती सांगायला कायदा लागला.

वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली. देशातली ती पहिली मानतात. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस बेताच्या भावात मिळावा ही साहेबाची गरज होती, शेतकऱ्याचा कळवळा त्यामागे नव्हता. पण काटा, तोलाई, दलाली यांना काही नियम हवा, हे तेव्हापासून कबूल झाले. पुढे महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा आला. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करायचा नाही, उघड लिलाव करायचा, माल विकला त्याच दिवशी चुकारा द्यायचा, हे त्यातून आले. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि तीस वर्षे चालली. तेव्हा चुकाऱ्याच्या धनादेशासाठी किती चपला झिजल्या ते ज्यांच्या झिजल्या त्यांना विचारा. आजही खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्के की बारा टक्के यावरून गाडी परत फिरते, आणि ओलावा मोजणारे यंत्र ज्याच्या हातात असते तो आकडा शेतकऱ्याला दाखवतोच असे नाही.

हे सगळे एकत्र मांडले तर आपली मागणी चार ओळींत बसते. माझा माल माझ्यासमोर मोज. मला हिशेब दाखव. माझे पैसे वेळेवर दे. आणि मला 'ए बाबा' म्हणू नको, मला नाव आहे.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा कचेरीतला कारकून अडाणी कुणब्याला कसा नाडतो याचे वर्णन त्यांना पानोपानी करावे लागले. त्याला आता एकशेचाळीस वर्षे होऊन गेली. कचेऱ्यांच्या इमारती नव्या झाल्या, दप्तराच्या जागी संगणक आला, पण या चार ओळी अजून मागाव्या लागतात. त्या मागण्यात काहीच चूक नाही. त्या आपल्या हक्काच्या आहेत आणि मिळेपर्यंत मागत राहू.

आता तीच पायली उलटी धरा

दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो. धुऱ्यावर दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही होते आणि वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधून बाया सकाळपासून ओळीला लागतात. बोंडाच्या टोकाने बोटे सोलतात. संध्याकाळी गाठोडी झाडाखाली येतात, फांदीला काटा टांगला जातो, आणि तिथे एक छोटी बाजार समिती भरते. या बाजार समितीत अडत्या कोण आणि शेतकरी कोण, हे ज्याचे त्याने पाहावे.

काटा कोण वाचतो? ज्या बाईने वेचले तिला आकडा दिसतो का? साडेबावीस किलो भरले तर वहीत साडेबावीस लिहितात की बावीस? "सकाळचा कापूस दवाने ओला आहे" म्हणून किलोभर कापतात ते कोणत्या यंत्रावर मोजून? दर वेचणीच्या आधी सांगितला होता, की "बाजूच्या वावरात जो निघेल तो देऊ" म्हणून मोघम ठेवला होता? पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी मिळतात, की बाजार उलगल्यावर? आणि हाक कशी मारतात? "अमक्याची बायको", "तमक्या वस्तीतली", की तिच्या नावाने?

चार प्रश्न तेच आहेत. फक्त काट्याच्या दुसऱ्या बाजूला दुसरे कोणी उभे आहे.

सगळीकडे असेच चालते असे आम्ही म्हणत नाही. वेचणाऱ्या बाईलाच आकडा वाचायला लावणारी आणि तिच्याच पोरीकडून वहीत लिहून घेणारी घरे गावोगाव आहेत. तिथे वेचणीच्या गर्दीत मजूर कसे मिळतात हेही गावाला माहीत आहे. बाया आपसांत बोलतात. कोणाच्या काट्याला पासंग आहे हे त्यांना बाजार समितीच्या सचिवापेक्षा आधी कळते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कापसाचा भाव पडला की वेचणीचा दर शेतकऱ्याला खरोखरच परवडत नाही. वेचणीचा खर्च कापसाच्या किमतीचा मोठा घास खातो. मजुरी वाढवून द्या असा उपदेश शहरातून करणे सोपे आहे, आम्ही तो करणार नाही. पण दर कमी असणे वेगळे आणि काटा खोटा असणे वेगळे. एक रुपया कमी दर वेचणीच्या आधी तोंडावर सांगितला तर त्यात लबाडी नाही, बाईला यायचे तर ती येईल. तोच रुपया संध्याकाळी काट्यात काढला तर ती चोरी आहे. गरिबीने पहिली गोष्ट करावी लागते. दुसरी गोष्ट गरिबीने होत नाही.

पाण्याचेही तसेच. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर वेचायचे तर वावरात पिण्याचे पाणी हवे. घागर एक असते. पण तांब्या एकच असतो का? की काही जणींना ओंजळ धरायला लावून वरून ओततात? महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. या तारखा पोरे शाळेत पाठ करतात. आणि सुट्टीत वावरात आली की तांब्या पाहतात. पोरे कोणता धडा लक्षात ठेवतील?

फवारणीची गोष्ट तर जिवावरची आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा झाली. शेकडो लोक दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते आणि शेतमजूरही. कंपन्यांनी काय विकले, कृषी खात्याने काय पाहिले, हे प्रश्न विचारले गेले आणि विचारलेच पाहिजेत. पण पंप पाठीवर देताना तोंडाला बांधायला फडके, हातमोजे आणि काम झाल्यावर अंघोळीला साबण-पाणी देणे, वारा तोंडावर असेल तर आज राहू दे म्हणणे, उपाशी पोटी माणूस आला असेल तर आधी भाकर दे असे घरात सांगणे, याला कोणत्या खात्याची परवानगी लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो आणि उद्याच्या जेवणाचे त्याला हात जोडून आवतण देतो. मुक्या जनावराला आवतण देणारी ही आपली संस्कृती. सालदाराच्या खांद्याकडे तिने पाठ फिरवावी हे तिला शोभत नाही.

घराच्या आतले माप

केंद्र सरकारचा कृषी मूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढतो. त्यात बी, खत, औषध, भाड्याची मजुरी धरतात, आणि घरच्या माणसांनी शेतात केलेल्या श्रमाची किंमतही धरतात. ही किंमत फार कमी धरली जाते अशी आपली तक्रार आहे, आणि ती खरी आहे. घरची बाई पेरणीला सरता धरते, निंदते, वेचते, शेण काढते, तिचे श्रम हिशेबात नीट धरा, असे आपण दिल्लीला ठणकावून सांगतो.

मग घरी या. कापूस विकून पैसे आले, तर त्यातले काय घ्यायचे हे तिला विचारतात का? सातबाऱ्यावर तिचे नाव आहे का? दिल्लीला दाखवायच्या हिशेबात तिचे श्रम आहेत आणि घरच्या हिशेबात नाहीत, तर मग पायल्या दोन झाल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले होते. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन केली. 'लक्ष्मीचे कर्ज फेडले' असे ते म्हणत. ज्या चळवळीने सरकारकडे हिशेब मागितला, तिच्याच कार्यकर्त्यांनी घरचा हिशेबही चुकता केला, म्हणून तिच्या शब्दाला वजन आले.

बहिणीचेही तसेच. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तेव्हापासून हक्कसोडपत्राचे कागद वाढले. बहिणीला माहेरी बोलवायचे, साडी-चोळी करायची, जेवू घालायचे आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे नेऊन सही घ्यायची. बहिणीने समजून-उमजून, राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. दोन एकर कोरडवाहूचे तुकडे होऊ नयेत असे तिलाही वाटते. पण कागदावर काय आहे हे तिला वाचून दाखवले का? सुप्याच्या शेतकऱ्याने सावकाराला जो प्रश्न विचारला, तोच इथे विचारायचा.

आणि ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराचे काय? आपल्या भागात अशी घरे किती आहेत हे इथे लिहायची गरज नाही, वाचणाऱ्याला माहीत आहेत. सरकारी मदतीसाठी त्या मृत्यूची दोन खान्यांत वाटणी होते, 'पात्र' आणि 'अपात्र'. या शब्दांची आपल्याला चीड येते. पण गावाच्या पारावरही एक समिती बसते. "कर्जाने कुठला, दारूने गेला." "बाईच भांडखोर होती." या समितीला ना कागद लागतो ना पुरावा, आणि तिचा निकाल त्या बाईच्या कानावर त्याच संध्याकाळी जातो. तिला पुढच्या हंगामाला बियाणे उधार मिळेल की नाही, ते त्या निकालावर ठरते. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नाही, पोरीच्या लग्नात तिला मागे उभे करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चाली बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. हेरवाड उसाच्या पट्ट्यातले गाव आहे. ज्या कोरडवाहू पट्ट्यात अशा बाया सगळ्यात जास्त, तिथल्या गावांनी या ठरावात मागे का राहावे?

धुरा आणि पाणंद

शेजाऱ्याबद्दलही बोलले पाहिजे. दरवर्षी वखराचे एक पाते धुऱ्यात घालायचे, एक तास पलीकडे न्यायचे, दहा वर्षांत हातभर जमीन मिळवायची. त्या हातभर जमिनीत कापूस किती पिकेल? पाच-सात बोंडे. आणि मोजणीची फी, वकील, तालुक्याच्या चकरा यांत दोन्ही घरांचे किती हंगाम जातात? पाणंद अडवण्याचेही तेच. रस्ता अडला तर तहसीलदाराकडे जाता येते, त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. कायदे आहेत ही चांगलीच गोष्ट. पण शंभर वर्षांहून जुना कायदा अजून रोज वापरावा लागतो, याचा अर्थ कायद्याने पाणंद मोकळी होते, मन होत नाही.

याच गावांत सावड होती, काही ठिकाणी अजून आहे. ज्याच्याकडे एक बैल त्याने एक बैलवाल्याशी जोडी करायची, आज तुझे वावर, उद्या माझे. ज्वारीची सुगी संपली की वावरात पडलेली कणसे सरवा वेचणाऱ्यांची, मालकाने ती पुन्हा वेचून न्यायची नाहीत, हेही कोणी लिहून ठेवले नव्हते. ही धर्मादायाची गोष्ट नव्हती. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात आज ज्याच्याकडे दाणे आहेत त्याच्याकडे उद्या नसतील, हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून मापाची रीत सांभाळली जाई. जुन्या काळाचे गोडवे आम्ही गाणार नाही. त्याच काळात पाण्याला शिवाशीव होती आणि सावकाराकडे दोन पायल्या होत्या. पण त्यातले जे मोलाचे होते ते ट्रॅक्टर आला म्हणून टाकून देण्याचे कारण नाही.

आधी पोटोबा?

बैठकीत हा लेख वाचला गेला तर कोणी तरी उठून म्हणेल, आणि त्याने म्हणावेच: "हे सगळे ठीक आहे. पण आधी पोटोबा, मग विठोबा. आम्हालाच लुटतात, आम्ही कोणाला काय देणार? आधी कापसाला भाव मिळू द्या, मग माणुसकीचे बोलू."

या बोलण्यात तथ्य आहे. दारिद्र्य माणसाला हलके करते, हे आम्ही नाकारत नाही. भाव मिळाला तर गावातली निम्मी भांडणे आपोआप मिटतील असे आम्हालाही वाटते. पण वर लिहिलेल्या गोष्टी पुन्हा वाचा. बाईला काट्याचा आकडा दाखवायला किती रुपये लागतात? नावाने हाक मारायला? वारा फिरला तर पंप उतरव म्हणायला? बहिणीला कागद वाचून दाखवायला? धुरा जिथे आहे तिथे राहू द्यायला तर उलट वखराचा एक फेरा वाचतो. यातली एकही गोष्ट भावावर अडलेली नाही.

दुसरे असे, की भावाची मागणी आणि माणुसकीची मागणी या दोन नाहीतच. रास्त भाव म्हणजे काय? देशाने शेतकऱ्याकडून घेण्याचे आणि शेतकऱ्याला देण्याचे माप एक ठेवावे, एवढेच. कारखानदाराचा माल महागला तर त्याला बाजार म्हणायचे आणि कापूस जरा चढला की आयात करायची, ही दोन पायल्यांचीच गोष्ट आहे. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. ज्याला ही दोन मापे मोडायची आहेत, त्याच्या स्वतःच्या माजघरात दोन मापे सापडली तर समोरचा हसेल. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारा एक गाडीवाला पकडला जातो आणि त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या शंभर कोरड्या गाड्यांची कट्टी वाढते, हे प्रत्येक केंद्रावर पाहायला मिळते. व्यापाऱ्याला तेवढे निमित्त पुरते.

आणि तिसरे, चळवळीच्या पोटातले कारण. रास्ता रोकोला माणसे कुठून येतात? पाच एकरवाला आणि भूमिहीन, बाई आणि गडी, हे सगळे आले तर रस्ता बंद होतो. शेतकरी विरुद्ध शेतमजूर असे भांडण लावून देणारे पुढारी प्रत्येक तालुक्यात टपून बसलेले असतात. त्यांना भाषण करावे लागत नाही. झाडाला टांगलेला खोटा काटा त्यांचे काम करतो. जी बाई संध्याकाळी काट्याखाली फसली, ती दुसऱ्या दिवशी आपल्या कापसाच्या भावासाठी रस्त्यावर कशाला बसेल?

गावी जाऊन काय करायचे

आम्ही शपथा घ्यायला सांगत नाही. शपथा सभेच्या मंडपातच राहतात. पुढच्या बैठकीपर्यंत आपल्या गावात करून पाहता येतील अशा चार गोष्टी मांडतो.

वेचणीच्या हंगामाआधी गावातल्या शेतकऱ्यांनी आणि वेचणाऱ्या बायांनी एकत्र बसून दर, वजनाची पद्धत आणि पैसे देण्याचा वार ठरवावा. दर कमी ठरला तरी चालेल, पण तो आधी ठरावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. गावातले काटे त्याच दिवशी एकाच मापाच्या धोंड्याने सगळ्यांसमोर तपासून घ्यावेत.

फवारणीसाठी चार-पाच शेतकऱ्यांत मिळून हातमोजे, मुखवटे आणि चष्मे यांचा एक संच घ्यावा, आणि पंप कोणाच्याही पाठीवर असो, तो संच त्याच्या अंगावर असावा.

पाणंद आणि धुऱ्याचे तंटे तहसीलला जाण्याआधी गावातल्या दोन्हीकडच्या भरवशाच्या माणसांसमोर एकदा ठेवावेत. सुटले नाहीत तर कायदा आहेच.

ज्या घरातला कर्ता गेला आहे, त्या घराची पहिली पेरणी गावाने सावडीने करून द्यावी. बियाण्याची पिशवी जमत नसेल तर तिफन द्यावी, तिफन नसेल तर एक दिवस द्यावा. आणि पारावर त्या घराचा विषय निघाला तर एकाने तरी म्हणावे, "राहू द्या आता."

यातले काय जमले आणि काय जमले नाही, ते पुढच्या जिल्हा बैठकीत गाववार सांगावे. जमले नाही तर का जमले नाही, तेही सांगावे. भावाचा हिशेब आपण सरकारकडे मागतो. हा हिशेब एकमेकांकडे मागायचा आहे, आणि तो मागताना आवाज चढवायचे कारण नाही, काटा सगळ्यांना दिसेल असा टांगला म्हणजे पुरे.